खंडेनवमीचा थर

सांगली, ३ ऑक्टोबर २०२४

चि. ब्राह्मीस,

जय जिनेंद्र आणि पोतंभर आशीर्वाद. पोतं हळदीचं आहे, उघडताना अंगावरचे कपडे सांभाळ.

तुझं पत्र मिळालं. सांगलीहून साताऱ्याला नोकरीला जाऊन वर्ष उलटल्यावर का होईना, आपण तिथे नक्की काय करतो हे मामाला समजावून सांगावंसं वाटलं, याबद्दल आभारी आहे. मला समजलं ते असं. निकेलच्या मिश्रधातूची पिठासारखी भुकटी पसरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, ती गोठली की वर दुसरा थर. असे हजारो थर चढवून वस्तू उभी करायची. धातू गोठताना त्याच्या पोटात कण तयार होतात, ते शाळूच्या ताटांसारखे खालून वर उभे वाढतात. ती ताटं किती जाड होतील, कुठे खुंटतील, हे वस्तू बनायच्या आधीच तू कॉम्प्युटरवर मॉडेल मांडून सांगतेस. बरोबर? मीही संस्कृतच्या वर्गात जन्मभर धातूच शिकवले. माझे कधी वितळले नाहीत, मुलं तेवढी वितळली.

आता तुझ्या साहेबांचा प्रश्न. मशिन परदेशी, मालक वीरधवलराव मराठा, चालवणारा आपल्या चांदसाहेबांचा अजमल आणि मुहूर्त विचारायचा माझ्यासारख्या जैन उपाध्याला! अशी खंडेनवमी जिल्ह्यात दुसरी नसेल. तरी सांगतो. शुक्रवारी अकरा तारखेला दुपारी बारा वाजून गेल्यावर नवमी लागते. त्यानंतर करा.

आणि पूजा मशिन बंद करून करा म्हणावं. पळत्या माणसाला ओवाळत नाहीत. निरांजन विझतं आणि ओवाळणारीला धाप लागते. आधी थांबवा, पाटावर बसवा, मग कुंकू लावा.

तुझी आई ठीक आहे. आमच्या या बहीणबाई चंदनबालाबाईंचं सध्या माझ्याशी भांडण चालू आहे, म्हणजे प्रकृती उत्तम.

तुझा,
धन्यकुमारमामा


सातारा, १४ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

सा. जय जिनेंद्र. तुम्ही मोबाइल घेत नाही, म्हणून टपाल खातं अजून माझ्यासारख्यांच्या जिवावर उभं आहे.

पूजा छान झाली. साहेबांनी तुमचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पळत्या माणसाचं वाक्य आलं तेव्हा सगळी शेड हसली. मशिन थांबवलं, पुसलं, अजमलनं झेंडूची माळ बांधली, मी कुंकू लावलं. मग मसालेभात आणि जिलेबी. बिराप्पा म्हणून आमचा फिटर आहे, मूळचा जतकडचा. तो म्हणाला, "मॅडम, लय हुशार तुमी. आता ह्यो कुंकवाचा टिळा तुमच्या त्या गणितात कुठं दावणार?" त्याची बायको राणीताई रहिमतपूरला असते. तिनं आम्हा सगळ्यांना शेंगदाण्याच्या पोळ्या पाठवल्या होत्या.

मशिनमध्ये एका छोट्या टर्बाइनचं पात्यांचं चाक चालू होतं, निम्मं झालेलं. जेवणानंतर परत सुरू केलं. बिचाऱ्या अजमलची जुम्म्याची नमाज मात्र चुकली. मशिनपाशी कुणीतरी हवं, म्हणून तो थांबला आणि घरून फोनवर चांदसाहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

दिवाळीला येते. आईला सांगा, भांडण माझ्यासाठी थोडं शिल्लक ठेव.

ब्राह्मी


सातारा, १२ डिसेंबर २०२४

मामा,

बिराप्पा गेला.

ते चाक बसवून द्यायला त्याला ग्राहकाकडे पाठवलं होतं. चाचणीत पूर्ण वेगानं फिरवलं आणि फुटलं. लोखंडी झाकण फाडून एक तुकडा बाहेर आला. बिराप्पा पलीकडे बोल्ट आवळायचे पाने गोळा करत होता.

रहिमतपूरला आम्ही सगळे गेलो. राणीताई रडत नव्हती. येईल त्याला विचारत होती, "चाक का फुटलं?" माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, शोधतोय. तिनं माझा हात धरून ठेवला. कितीतरी वेळ सोडला नाही.

तुकडे टेबलावर मांडलेत. सगळे एकाच उंचीवर तुटलेत, सुरीनं कापल्यासारखे. पोलीस येऊन गेले. साहेबांनी मला सांगितलंय की मॉडेल पुन्हा चालव आणि कारण काढ.

आईला एवढंच सांगा की मी बरी आहे.

ब्राह्मी


सांगली, १७ डिसेंबर २०२४

चि. ब्राह्मीस,

अशा वेळी काय लिहावं हे ज्या भाषेत मी मुरलोय तिच्यात पुष्कळ सांगितलेलं आहे. आत्मा मरत नाही, शरीर जुन्या वस्त्रासारखं आहे, वगैरे. मी ते कुणाच्याही दारात बोलत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला ते शरीरच हवं असतं.

जेवत जा. रात्रीचं खात नाहीस, तर सूर्य मावळायच्या आत तरी नीट खा. उपास करून कण मोजता येत नाहीत.

एकच विचारतो. सगळे तुकडे एकाच उंचीवर तुटले म्हणालीस. तुमची वस्तू रोज थोडी थोडी वर चढते. म्हणजे प्रत्येक उंचीला तारीख असणार. ती उंची कुठल्या तारखेची?

मामा


सातारा, ४ जानेवारी २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तेच शोधत होते. ती उंची अकरा ऑक्टोबरची.

मशिन चालू असतं तेव्हा वस्तू जिच्यावर उभी राहते ती आतली पाटी तापलेली असते. प्रत्येक थराला खालच्याची ऊब मिळते आणि ताटं सलग वर चढतात. थांबलं की सगळं निवतं. आधी मी मॉडेल चालवलं होतं ते काम सलग झालं असं धरून. आता त्यात थांबा घातला. पडद्यावर ताटं त्या रेषेला खुंटली आणि वर बारीक, वेड्यावाकड्या कणांचा पट्टा आला. मग तुटलेला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तोच पट्टा, त्याच उंचीवर, आणि मधे न मिसळलेल्या थरांच्या फटी. चाकाबरोबर आम्ही एक पट्टी तयार करतो, ती ओढून ताकद तपासतो. ती पट्टी बुटकी होती. थांब्याच्या आधीच पूर्ण झाली होती, म्हणून पास झाली.

अहवाल दिला. काम कधी थांबलं, कधी सुरू झालं, त्यानं आत काय झालं, सगळं लिहिलंय. एक आकडाही इकडचा तिकडे केलेला नाही. खाली माझी सही आहे.

खूप दमलेय.

ब्राह्मी


सांगली, ९ जानेवारी २०२५

चि. ब्राह्मीस,

शाबास. दुसरा शब्द सुचत नाही. मालकाने सांगितलेल्या पूजेने माणूस मेला, हे मालकाच्याच कागदावर लिहायला छाती लागते. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, "माझ्यावर गेलीय." म्हटलं, "हो, भांडणात." ती हसली नाही.

माझाही वाटा त्यात आहे. मुहूर्त माझा, ते पळत्या माणसाचं वाक्य माझं. शेड हसली असं तू लिहिलं होतंस आणि ते वाचून मी खूश झालो होतो. सध्या वर्गात विनोद करणं बंद केलंय. मुलांना वाटतं सर आजारी आहेत.

हे तू मनावर घेऊ नकोस. तुझं काम तू चोख केलंस.

मामा


सांगली, २१ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

काल बसस्टँडमागच्या गल्लीत गेलो होतो, जिथे रिक्षांचे हुड शिवतात. चांदसाहेबांचं दुकान बंद. घरी गेलो. अजमलच्या आईनं, आबेदाभाभींनी दार उघडलं आणि मला बघून पदर तोंडाला लावला.

अजमलला अटक झालीय. तू हे मला कळवलं नाहीस. मी तिथे उभा राहून "काय झालं?" असं विचारत होतो आणि ते समजत होते की मला माहीत आहे.

चांदसाहेब काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"आवं गुरुजी, कंपनीनं लिहून दिलंय, नमाजाला जायचं म्हणून पोरानं कुणाला न विचारता मशिन बंद केलं. शुक्कीरवार हुता, दुपारची येळ हुती, बटण त्येच्या नावानं दाबलंय. आन् त्या शुक्कीरवारी मी त्येला फोनवर शिव्या घातल्या, जुम्मा चुकवला म्हणून! जुम्म्याला गेला न्हाई म्हणून बापाच्या शिव्या, आन् जुम्म्याला गेला म्हणून सरकारच्या बेड्या. एका पोरानं एका दुपारी दोन गुन्हं कसं केलं, सांगा की गुरुजी."



मग त्यांनी वकिलाकडून आलेली तुझ्या अहवालाची प्रत दाखवली. सगळी वाचली. तू लिहिलं होतंस तसंच आहे, एक आकडा इकडचा तिकडे नाही. फक्त एक वाक्य: "ऑपरेटरच्या लॉगिनवरून काम थांबवण्यात आले." पूजा नाही, कुंकू नाही, साहेब नाहीत, मसालेभात नाही. कर्त्याला घराबाहेर काढून वाक्य कसं चालवायचं हे तुला मीच शिकवलं, आठवीत. इतकं चांगलं शिकशील असं वाटलं नव्हतं.

मी तुला शाबास म्हटलं. ते परत घेत नाही, पण कुठे ठेवायचं ते कळत नाहीये.

ध.


सातारा, २७ जानेवारी २०२५

ती. मामा,

रागवा. पण आधी ऐका.

त्या दिवशी अजमल साहेबांना म्हणाला होता, "साहेब, काम निम्म्यात हाय. चालू ठेवूनच फुलं वाहू की." साहेब म्हणाले, "गुरुजींनी लिहिलेलं ऐकलंस ना? माझ्या आजोबांच्या लेथपासून खंडेनवमीला चाक थांबतंय. दाब बटण." सगळ्यांनी ऐकलं. मी साहेबांच्या शेजारी होते, हातात पूजेचं ताट होतं.

आता सगळ्यांनी लिहून दिलंय की आम्ही जेवायला गेलो होतो, मशिन कसं थांबलं ते माहीत नाही. पूजेचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमधून काढून टाकायला लावले. माझ्याही.

मी खोटं लिहिलेलं नाही. मॉडेलमध्ये थांब्याची वेळ घालता येते, तापमान घालता येतं. कारण घालायला जागाच नाही. धातूला ते लागत नाही. नमाजासाठी थांबलं काय आणि पूजेसाठी थांबलं काय, कण तसेच खुंटतात. माझं काम तेवढंच होतं, असं मी रोज स्वतःला सांगते.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "बेटा, चाक पास करताना सही कुणाची होती?" माझी होती. थांबा घालून मॉडेल पुन्हा चालवायला हवं होतं. एका दिवसाचं काम होतं ते. ग्राहकाची गाडी दारात होती आणि सगळे म्हणाले, तास-दोन तासांनी काय होतंय. मीही म्हटलं. मी तोंड उघडलं तर पहिला प्रश्न हाच येणार: तुम्हाला दिसत होतं ना, मग पास का केलंत?

तुम्ही शिक्षक आहात, मामा. तुमच्या चुकीला लाल शाई पुरते.

ब्राह्मी


सांगली, ३ फेब्रुवारी २०२५

चि. ब्राह्मीस,

तुझं शेवटचं वाक्य खरं आहे. राग नाही.

शनिवारी मी आणि चांदसाहेब एसटीने साताऱ्याला आलो. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी म्हणालो, त्या पूजेचा मुहूर्त मी दिला, मशिन थांबवा असंही मीच लिहिलं. भला माणूस. चहा मागवला. मग विचारलं, "गुरुजी, मशिन कुणी थांबवायला लावलं, तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"तुम्ही कुठं होता?"

"सांगलीला. वर्गात."

"मग मी काय लिहून घेऊ?"

म्हटलं, "लिहा की याने थट्टा केली आणि माणूस मेला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मुहूर्त देणं गुन्हा नाही आणि थट्टा हा पुरावा नाही. मला त्या शेडमध्ये उभा असलेला एक माणूस द्या. एक पुरे. सोमवारी दहा तारखेला अकरा वाजता मी जबाब घेतोय, त्यानंतर कागद वर जातील."

तुझं ऑक्टोबरचं पत्र माझ्या पिशवीत होतं. ते मी काढलं नाही. चांदसाहेबांना ते आहे हे माहीतही नाही. काढलं असतं तर कदाचित काम झालं असतं. पण तुला फरफटत न्यायचा तो रस्ता होता, आणि तुला चालता येतं हे मी लहानपणापासून बघतोय. हा माझा शहाणपणा की भाचीची माया, ठरवता आलं नाही. अजमल आत आहे आणि मी असले बारकावे करत बसलोय, याची लाज वाटते.

अजमलची भेट झाली, पाचच मिनिटं. वाळलाय. बापाशी बोलला, मग मला म्हणाला, "मॅडम बऱ्या हायत न्हवं?" मी हो म्हटलं.

तुझ्या खोलीवरून गेलो. वर दिवा होता. जिना चढलो नाही. चांदसाहेब बरोबर होते, आणि त्यांच्यासमोर तुला काय म्हणून हाक मारावी ते सुचेना.

मॉडेलमध्ये कारण घालायला जागा नाही, हे पटलं. तुझ्यात आहे.

मामा


सातारा, ८ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

सोमवारी अकराला मी जातेय. टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय.

काल ऑफिसात साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांना नंतर कुणाकडून कळायला नको होतं. ते म्हणाले, "तुझं करिअर संपलं, पोरी. आणि माझं काही होणार नाही." दोन्ही खरं असेल. संध्याकाळपर्यंत माझं लॉगिन बंद झालं होतं. अहवालातलं ते वाक्य बदलायचं होतं, आता ते कॉम्प्युटरवर बदलता येणार नाही. तोंडानंच सांगावं लागेल.

दुसरं कुणी येत नाहीये. मी प्रत्येकाला विचारलं. स्टोअरचे आप्पासो म्हणाले, "मॅडम, आमाला हितंच ऱ्हायचंय." महिनाभर मीही हेच म्हणत होते.

पास केल्याची सही माझी, हे मी आधी सांगणार आहे, विचारायच्या आत. त्याचं जे व्हायचं ते होईल. आईला तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होणार नाही.

आज दुपारी अधिकाऱ्यांच्या कारकुनाचा फोन आला. रहिमतपूरहून राणीताईलाही बोलावलंय. त्याच खोलीत, त्याच वेळी. तिला अजून वाटतंय की तिच्या नवऱ्याला अजमलच्या नमाजानं मारलं. गावातल्या लोकांनी तिला तेच सांगितलंय, आणि ते सोपं आहे. मी सांगणार आहे ते ऐकायला अवघड जाईल, कारण त्यात तिनं पाठवलेल्या पोळ्या खाणारे आम्ही सगळेच आहोत.

तुम्ही याल हे मला माहीत आहे. चांदसाहेबांना घेऊन पहिल्या गाडीनं याल. नका येऊ, मामा. तुम्ही समोर असलात की मी तुमच्याकडे बघून बोलेन आणि माझं वाक्य पुन्हा अहवालातल्यासारखं नीट होईल. मला तिच्याकडे बघून बोलायचंय.

ब्राह्मी